खोकला थांबला, तरी पंप का थांबवायचा नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा सहा वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून त्याची प्रत्येक सर्दी छातीत उतरते, पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येते आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. गेल्या हिवाळ्यात तीनदा रात्री-अपरात्री दवाखान्यात नेऊन मशीनची वाफ द्यावी लागली. बालरोगतज्ज्ञांनी बाळदमा असल्याचे सांगून दोन पंप लिहून दिले, तीन आठवड्यांत मुलगा ठणठणीत झाला, म्हणून घरात सर्वांच्या विचाराने दोन्ही पंप बंद केले आणि कोजागिरीनंतर पुन्हा तेच चक्र सुरू झाले. इतक्या लहान वयात पंपाची सवय लागली तर तो जन्मभर सुटणार नाही, असे सासूबाईंना वाटते. पंप खरोखर लागतो का, त्याने उंची खुंटते का आणि हा आजार कधी जाणार, असे तुम्ही विचारले आहे.

इंदूरमध्ये मुलांवर उपचार करताना हेच तीन प्रश्न मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: मूल खोकत नसते तेव्हा त्याला दमा असतो का? घरातील माणसांचे उत्तर ‘नाही’ असते आणि डॉक्टरांचे ‘होय’ असते. हा मतभेद उघडपणे बोलला जात नाही, म्हणून औषध तीन आठवड्यांत बंद पडते.

आधी एक मर्यादा स्पष्ट करते. तुमच्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधाची मात्रा किंवा मुदत मी ठरवू शकत नाही. ती त्याच्या वजनावर, झटके किती वेळा आणि किती तीव्र येतात यावर, तसेच घरात कोणाला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी आहे का यावर अवलंबून असते. शिवाय छातीत वाजणारा प्रत्येक आवाज दम्याचा नसतो. मूल शेंगदाणे खाता खाता एकाएकी गुदमरले आणि तेव्हापासून छातीच्या एकाच बाजूला आवाज येत असेल, वजन वाढत नसेल, ताप हटत नसेल, खोकल्याबरोबर घट्ट पिवळा बेडका रोज पडत असेल, किंवा जन्मापासूनच आवाज असेल, तर दम्याचे नाव घेण्याआधी दुसरी कारणे शोधावी लागतात. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार तर करावाच लागतो. तुम्ही केलेले वर्णन मात्र दम्याचे नेहमीचे वर्णन आहे: येते आणि जाते, रात्री वाढते, सर्दीने आणि ऋतू बदलताना उसळते आणि मधल्या काळात मूल निरोगी दिसते. सहा वर्षांचे बहुतेक मूल नळीत जोराने फुंकू शकते, म्हणून शक्य असल्यास स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्यावी. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून अधिक वाढली, तर निदानाला चांगला आधार मिळतो. तपासणी चांगल्या दिवशी झाली आणि निकाल सामान्य आला, तरी त्याने दमा नाही असे सिद्ध होत नाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि ती चांगल्या दिवसांतही पूर्णपणे ओसरलेली नसते. अशी सुजलेली नळी चिडखोर असते. सर्दीचा विषाणू, धूळ, धूर, थंड वारा, इतकेच काय पोट धरून हसणे किंवा मोठ्याने रडणे यानेसुद्धा तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. मुलांची नळी मुळातच बारीक असते आणि त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळा पटींपर्यंत वाढतो, म्हणून संध्याकाळी खेळणारे मूल पहाटे धापा टाकताना दिसते. पहाटेची वेळ येण्यालाही कारण आहे: सूज आटोक्यात ठेवणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि श्वासनलिका पहाटे सर्वाधिक अरुंद होतात. खोकला हे त्या सुजेचे बाहेर दिसणारे टोक आहे. तो तीन आठवड्यांत थांबतो. नळ्यांचा चिडखोरपणा शमायला महिने लागतात. तुमच्या घरी औषध बंद झाले ते खोकला गेला तेव्हा, सूज गेली तेव्हा नव्हे.

दोन पंपांची कामे अगदी वेगळी आहेत आणि हा फरक घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असला पाहिजे. सहसा निळ्या रंगाचा असतो तो साल्ब्युटॅमॉलचा पंप. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेला हात लावत नाही आणि त्याचा परिणाम चार-सहा तासांत संपतो. दुसरा पंप ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांसारख्या स्टेरॉइड औषधाचा असतो. तो सूज हळूहळू उतरवतो, घेतल्याबरोबर काहीही जाणवत नाही, म्हणूनच लोकांना तो निरुपयोगी वाटतो आणि आधी तोच बंद केला जातो. निळा मात्र चालू राहतो, कारण त्याने लगेच बरे वाटते. हा क्रम धोक्याचा आहे. २०१९ साली ‘गिना’ या दम्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बारा वर्षांवरील कोणालाही केवळ निळ्या पंपावर ठेवू नये असे स्पष्टपणे सांगितले आणि लहान मुलांबाबतही विचाराची दिशा तीच आहे.

सासूबाईंची भीती मी किरकोळ मानत नाही. त्यांच्या पिढीने दम्याचे जे रोगी पाहिले, ते फार उशिरा, फुप्फुसे खराब झाल्यावर पंपापर्यंत पोहोचले. मग पंप आणि अखेरचे दिवस यांची मनात सांगड बसली तर नवल नाही. पण सवय म्हणजे व्यसन, अर्थात मात्रा वाढवावी लागणे आणि न मिळाल्यास शरीराने मागणी करणे. सूज उतरवणाऱ्या पंपाबाबत असे होत नाही. तो बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण आजार शिल्लक असतो. शिवाय मात्रेचा हिशेब पाहावा. साल्ब्युटॅमॉलच्या नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात, १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे जो चमचा आपण निर्धास्तपणे पाजतो, त्यात वीस पफांइतके औषध असते आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सर्व शरीरात फिरून मग छातीपर्यंत पोहोचते. हात थरथरणे आणि छाती धडधडणे म्हणूनच सिरपने अधिक होते.

स्टेरॉइड या शब्दाबाबतही तसेच आहे. पंपातील स्टेरॉइडची मुलांसाठीची कमी मात्रा ब्युडेसोनाइडच्या हिशेबाने दिवसाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम असते. झटका आल्यावर वीस किलोच्या मुलाला पाच दिवस रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तोंडाने द्यावे लागले, तर त्या पाच दिवसांत १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम स्टेरॉइड पोटात जाते. रोज २०० मायक्रोग्रॅमप्रमाणे पंपातून इतके औषध जायला ५०० दिवस लागतील. ही दोन औषधे आणि त्यांची ताकद वेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य करते; पण पंप टाळणाऱ्या घरात वर्षातून चार-पाच वेळा तोंडाने स्टेरॉइड द्यावे लागते, तेव्हा नक्की काय टाळले गेले याचा विचार करावा.

उंचीबद्दल खरे ते सांगते. पंपातील स्टेरॉइडने पहिल्या एक-दोन वर्षांत वाढीचा वेग थोडा मंदावू शकतो. उत्तर अमेरिकेत मुलांना काही वर्षे ब्युडेसोनाइड देऊन ती मोठी होईपर्यंत पाहिले गेले, तेव्हा प्रौढ वयातील उंचीत सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. तो शून्य नाही, म्हणून मी दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजून नोंद ठेवते आणि आजार आटोक्यात ठेवणारी सर्वांत कमी मात्रा शोधते. मात्र बेबंद दम्याने रात्रीची झोप, भूक आणि खेळ हिरावले गेले, तर वाढ त्यानेही खुंटते. एक सेंटिमीटर आणि मुलाचा सुखाचा श्वास यांत निवड करायची असेल, तर माझ्या मनात शंका नाही.

औषध बरोबर असूनही गुण येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष ते देण्याच्या पद्धतीत सापडतो. माझ्याकडे एक आजी नातवाला घेऊन येत असत. औषध नेमाने चालू होते, तरी खोकला हटत नव्हता, आणि मी दोनदा मात्रा वाढवली. तिसऱ्या वेळी म्हटले, समोर देऊन दाखवा. आजींनी नातू रडू नये म्हणून मास्क चेहऱ्यापासून दोन बोटे दूर धरला होता. सारे औषध हवेत जात होते. मी पहिल्याच भेटीत प्रात्यक्षिक बघायला हवे होते. त्या दिवसापासून मात्रा वाढवण्यापूर्वी मी पंप देण्याची रीत बघते.

तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणजे त्याला मास्कऐवजी तोंडात धरायची नळी असलेला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे प्लास्टिकचे पोकळ नळकांडे, चालेल, पण स्पेसर हवाच. पंप थेट तोंडात मारला तर औषधाचा मोठा भाग घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. पंप हलवावा, मुलाला ताठ बसवावे किंवा उभे करावे, नळीभोवती ओठ घट्ट मिटू द्यावेत, एक पफ दाबावा आणि पाच-सहा शांत श्वास घेऊ द्यावेत. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून द्यावा. दोन पफ एकदम दाबून वेळ वाचवू नये. सूज उतरवणारे औषध घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरत नाही. म्हणूनच दात घासण्याआधीची वेळ ठरवली की औषधही विसरत नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध त्याच्या भिंतींना चिकटून बसते. आणखी एक गोष्ट फार घरांत सुटते: पंपात सहसा २०० मात्रा असतात, पण त्या संपल्यावरही डबीतून फुस्स असा आवाज येत राहतो. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ असेल तर शंभर दिवसांत पंप संपतो. नवा पंप उघडला की डबीवर ती तारीख लिहावी.

आता इंदूरबद्दल. आपले शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अव्वल राहिले आहे, मग मुलांना दमा कसा, असे पालक मला विचारतात. रस्त्यावर कचरा नसणे ही मोठी गोष्ट आहे, पण वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कण झाडूने जात नाहीत आणि दम्याची बरीच कारणे घराच्या आतच असतात. माळव्यातील आपल्या घरांचा एक रिवाजच घ्या: एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायचा. पोती उघडतात, चाळण-निवडण चालते, घरभर बारीक भुसा उडतो आणि त्याच सुमारास गावाबाहेर नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटे, जाळल्याचा धूर असतो. मार्च-एप्रिलमध्ये माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलांची गोष्ट या गव्हाशी जुळलेली असते. गहू भरू नका असे मी म्हणत नाही. ते दोन दिवस मुलाला मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवा आणि कोठी त्याच्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नका.

तुमच्या मुलाचा त्रास कोजागिरीनंतर परत आला, हाही योगायोग नसावा. त्या पंधरवड्यात थंडी पहिल्यांदा जाणवू लागते, शाळेत सर्दीची साथ असते, पेटीत वर्षभर मिटलेल्या रजया आणि गोधड्या बाहेर निघतात, दिवाळीची झाडलोट आणि रंगकाम होते आणि मग फटाके. गाद्या-उशांत राहणारे धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत; पावसाळ्यातील दमट हवेत ते फोफावतात. अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात, रजया काढायच्या त्या आधी दिवसभर कडक उन्हात घालून, मूल घरात नसताना बाहेर झटकाव्यात. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे चांगले. डासांची कॉइल, उदबत्ती आणि धूप मुलाच्या खोलीत नको. डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत निर्धोक. देवघरात निरांजन लावा, धूर तेवढा टाळा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती गच्चीवर ओढूनही भागत नाही, कारण धुराचे अंश कपड्यांबरोबर आत येतात. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, इंदूरकराला चुकवू नये असेच वाटते, ते मी समजू शकते. पण राजवाड्याच्या गर्दीत उडणाऱ्या कोरड्या गुलालात दम्याचे मूल नेऊ नये, घरीच पाण्याचे रंग खेळू द्यावेत.

केळी, दही, ताक, आवळा यांवर सरसकट बंदी घालण्याला मला आधार दिसत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असे तुम्ही स्वतः पाहिले असेल तर तो टाळावा. केवळ ‘थंड’ म्हणून फळे बंद करू नयेत. साध्या पाण्याची वाफ नाक मोकळे करील, श्वासनलिका उघडणार नाही, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्याने भाजलेली मुले मी पाहिली आहेत. शरद पौर्णिमेच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची आपल्या भागातील पद्धत मला माहीत आहे. कुणाच्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, पण त्यासाठी पंप बंद करायला सांगितला गेला तर तेवढे ऐकू नका. घटक न छापलेली पुडी तर मुलाला देऊच नये. तिच्यात काय आणि किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मॉन्टेलुकास्टची चघळायची गोळी बऱ्याच मुलांना दिली जाते. ती पंपाची जागा घेत नाही आणि ती सुरू झाल्यावर वाईट स्वप्ने, चिडचिड किंवा वागण्यात बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगावे. २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामकाने याविषयी ठळक इशारा दिलेला आहे. फ्लूची लस मात्र दरवर्षी द्यावी.

रात्री झटका आला तर काय करायचे, हे शांत दिवशी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवून ठेवा. सहा वर्षांच्या मुलासाठी साधारण योजना अशी असते: निळ्या पंपाचे चार पफ, एकेक करून, स्पेसरमधून, वीस मिनिटांत पुरेसा आराम पडला नाही तर पुन्हा चार. तासाभरात तीनदा देऊनही त्रास राहिला, किंवा आराम तीन-चार तासही टिकला नाही, तर सकाळची वाट पाहू नये. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तोच पाळावा. आणि काही लक्षणे दिसली तर मोजत बसायचेच नाही: मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, श्वास मिनिटाला तीसहून अधिक आहेत, ओठ निळसर झाले आहेत, मूल गळून गेले आहे किंवा गुंगीत आहे. अशा वेळी निळा पंप देत देतच रुग्णालय गाठावे. धाप तशीच असताना शिट्टीचा आवाज एकाएकी थांबला, तर मूल सुधारले असे समजू नका. हवा आत-बाहेर होणेच कमी झाल्याने आवाज थांबतो आणि ती सर्वांत गंभीर घडी असते. घरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली असेल तर तो धोक्याचा आहे, पण लहान बोटावर तो चुकतोही, म्हणून आकडा चांगला आहे आणि मूल वाईट दिसते आहे, अशा वेळी मुलावर विश्वास ठेवा.

पंप कधी सुटणार, याचे उत्तर तुमच्याच नोंदींतून मिळेल. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का, खोकल्याने एकदा तरी रात्री जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, आणि खेळताना तो इतरांच्या मागे पडला का, हे चार प्रश्न वहीत दर महिन्याला लिहा. सलग तीन महिने चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर मात्रा एक पायरी खाली आणता येते, मग पुन्हा तीन महिने बघायचे. मी हे शक्यतो ऑक्टोबरमध्ये किंवा परीक्षेच्या, प्रवासाच्या तोंडावर करत नाही. ऋतू स्थिर असलेला काळ निवडते. पुढे काय होईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. शाळकरी वयातील अनेक मुलांचा त्रास किशोरवयात खूप कमी होतो किंवा थांबतो, काहींचा तारुण्यात परत येतो. इसब, इतर ॲलर्जी, आईवडिलांना दमा आणि सुरुवातीपासून तीव्र आजार असेल तर तो टिकण्याची शक्यता अधिक असते. तोवर त्याला खेळापासून तोडू नका. दमा आटोक्यात असलेले मूल धावू, पोहू आणि क्रिकेट खेळू शकते. धावताच धाप लागत असेल तर आधी दहा मिनिटे हळूहळू अंग गरम करू द्यावे आणि तरीही त्रास होत असेल तर आजार पुरेसा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. शाळेत वर्गशिक्षकांकडे निळा पंप, स्पेसर आणि त्या योजनेची एक प्रत द्यावी.

आत्ता, पंप बंद असताना त्रास परतला आहे, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरून स्वतःच मात्रा ठरवण्यापेक्षा या आठवड्यातच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि औषध मध्येच थांबवले होते हे मोकळेपणाने सांगा. आम्हांला हे न सांगितल्यामुळे अनेकदा औषध निकामी ठरले असे समजून आम्ही ते विनाकारण वाढवतो. जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत घ्या आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. पहाटे तीन वाजता नातवाजवळ बहुधा त्याच पहिल्यांदा पोहोचत असतील. स्पेसर हातात धरून पहिला पफ त्यांना स्वतः देऊ द्या आणि त्यांचे सगळे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.